मोठ्या बाईंच्या वाक्याला हात

मोठ्या बाई इंग्रजीच्या वर्गात गेल्या त्या इंग्रजी शिकायला नव्हे, पट भरायला. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे जे काही झालं त्याची हकीकत त्या स्वतःही इथूनच सुरू करतात. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला पटाचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. पट घसरला की तुकडी बंद होते, आणि तुकडी बंद होण्याची नामुष्की बाईंनी आपल्या कारकिर्दीत एकदाही येऊ दिली नव्हती. शाळा सुटून वर्षं झाली, तरी गल्लीत, वाण्याकडे, दवाखान्यात त्यांना सगळे मोठ्या बाईच म्हणत. त्यांच्या पोटच्या मुलानेही मोबाइलमध्ये त्यांचं नाव 'आई' असं न लिहिता तसंच लिहून ठेवलं होतं.

गरज होती सूनबाईला. सूनबाई रक्त तपासणीच्या एका प्रयोगशाळेत नोकरीला. पाळी दुपारची, त्यामुळे घरी यायची ती अंधार पडल्यावर. तिथे सकाळच्या पाळीची एक जागा रिकामी होणार होती. परदेशी दवाखान्यांना जाणारे अहवाल नीट इंग्रजीत लिहायचे, असं टेबलावरचं काम. वरिष्ठांनी सांगितलं, इंग्रजी लेखनाचं प्रमाणपत्र आण आणि जागा घे. नाही आणलंस तर पलीकडच्या टेबलावरचा टपूनच बसलाय. म्हणून सूनबाईने ऑनलाइन वर्गात नाव घातलं.

त्या वर्गाची तऱ्हा निराळी होती. शिकणाऱ्यांचे पाचापाचांचे गट पाडायचे आणि प्रत्येक गटाने मिळून एक लांबलचक गोष्ट लिहायची. जो तो आपापल्या घरी, पण पान मात्र सगळ्यांच्या पडद्यावर एकच. एकाने लिहायचं, दुसऱ्याने त्यात खाडाखोड करायची, तिसऱ्याने ती खाडाखोडही सुधारायची. कुणी काय लिहिलं आणि कुणी कुणाचं काय खोडलं, ते समासात नावानिशी दिसे. पास झाला तर अख्खा गट पास, नापास झाला तरी अख्खा गट. सूनबाईच्या गटातला पाचवा गडी लग्न ठरलं म्हणून पहिल्याच आठवड्यात गळाला, आणि वर्गाच्या कार्यालयातून निरोप आला की चौघांचा गट नियमात बसत नाही, पाचवा आणा नाहीतर गट रद्द. सूनबाईने मोबाइल उलटा ठेवला. बाईंनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "माझं नाव घाल."

चिरंजीवांनी नाव घातलं, आणि तेही सवयीने 'मोठ्या बाई' असंच. इथेच घोळ झाला.

गटात सूनबाईखेरीज तिघे होते. एक औषधांच्या दुकानाचे मालक, ज्यांना गिऱ्हाइकाशी बोलता बोलताच लिहायची सवय होती. एक लिफ्ट दुरुस्त करणारे मेकॅनिक, आणि एक ब्यूटी पार्लर चालवणाऱ्या ताई. पडद्यावर बाईंचा चेहरा दिसताच तिघेही खुर्चीत सावरून बसले. मेकॅनिकने तर कानामागची पेन्सिल काढून खिशात ठेवली. त्यांच्यापैकी कुणीही बाईंच्या हाताखाली शिकलेलं नव्हतं, पण कुठल्या ना कुठल्या मोठ्या बाईंच्या हाताखालून प्रत्येकजण गेलेला होता. शिकवणारे सर वयाने इतके कोवळे, की बाईंना त्यांना प्रगतिपुस्तकावर पालकांची सही आणायला सांगावंसं वाटे. तेही बाईंशी बोलताना टाय नीट करत.

गोष्टीचा विषय होता 'नवीन घर'. मेकॅनिकने पहिलं वाक्य लिहिलं की एक कुटुंब सातव्या मजल्यावरच्या घरात राहायला गेलं. बाईंनी ते वाचलं नाही. दुसऱ्याची वही बघायची नाही, हे त्यांच्या हाडीमांसी खिळलेलं. त्यांनी खाली लिहिलं, की घर टेकडीवर होतं, बैठं होतं, आणि आजी रोज पायऱ्या उतरून पाणी आणायला जात असे. त्याखाली आणखी लिहिलं, की या घरात आजीला विचारल्याशिवाय काही होत नाही.

आता वर्गाच्या नियमाप्रमाणे कुणीतरी बाईंचं वाक्य खोडायला हवं होतं. पण खोडणार कोण? मोठ्या बाईंच्या वाक्याला हात लावायचा, तोही समासात आपलं नाव उमटवून? औषधवाल्यांनी विचार करून लिहिलं, की टेकडीवर एक सात मजली इमारत होती आणि तिचा सातवा मजला बैठा होता. आजी पायऱ्यांनी ये-जा करते म्हटल्यावर लिफ्ट बंद असणं भाग होतं. तेव्हा मेकॅनिकने जड अंतःकरणाने लिहिलं, की लिफ्ट बिघडली आहे. जो माणूस बिघडलेली लिफ्ट तशीच सोडून कधी घरी जेवायला गेला नाही, त्याची लिफ्ट त्या गोष्टीत पानंच्या पानं बंद राहिली. त्याच्या बायकोने नंतर सांगितलं, की त्या दिवसांत तो जेवताना मध्येच घास हातात धरून थांबे.

पार्लरवाल्या ताईंनी एक हौशी आजोबा आणले होते, केस काळे करून घेणारे. बाईंनी त्याच परिच्छेदाखाली लिहिलं, की आजोबांना जाऊन बरीच वर्षं झाली. ताईंनी रंग लावून तयार झालेले आजोबा मुकाट्याने शेजारच्या घरात हलवले. गोष्ट पुढे सरकत होती, पण रस्त्यात दीपस्तंभासारख्या उभ्या बाईंच्या वाक्यांना वळसे घालत. सगळ्यात मोठे वळसे सूनबाईचे. तिला त्याची सवय होती.

महिन्याभराने गोष्ट परीक्षण विभागाकडे गेली आणि तशीच परत आली. शेरा होता, की एकत्रित लेखन झालेलं नाही, पाचव्या सदस्याच्या एकाही वाक्यात कुणी बदल केलेला नाही, येत्या रविवारपर्यंत सुधारून न पाठवल्यास गट अनुत्तीर्ण. सूनबाईने शेरा वाचून दाखवला तेव्हा बाईंचा चेहरा खुलला. एकही बदल करावा लागला नाही, म्हणजे वाक्यं निर्दोष होती, असा त्यांनी अर्थ घेतला, आणि जिना उतरून ही बातमी तळमजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांना सांगूनही आल्या. पोस्टमास्तरांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि गंभीरपणे विचारलं, की मग गट नापास कसा? बाई जिना चढून वर आल्या त्या जरा सावकाश.

त्यांना लागलं. ज्यांचा लाल पेन शाळेत सगळ्यांच्या धाकाचा विषय होता, त्यांच्यामुळे एक तुकडी नापास होत होती. त्यांनी तातडीने गटाची बैठक बोलावली आणि बजावलं, की माझी वाक्यं सुधारा, हा माझा हुकूम आहे. चौघेही एका सुरात "हो बाई" म्हणाले. दुसऱ्या दिवशी बाईंनी पान उघडलं तर हुकमाची अंमलबजावणी झालेली होती. त्यांची सगळी वाक्यं ठळक अक्षरांत केलेली होती. ताईंनी तर त्यांना एक सुरेख जांभळा रंगही दिला होता. परीक्षण विभागाने कळवलं, की याला बदल म्हणत नाहीत.

मग पोस्टमास्तरांचा सल्ला आला. मुद्दाम चुका करा, बाई. इतक्या ढळढळीत, की माणसाचा हात आपोआप खोडायला जाईल. मुद्दाम चूक करणं बाईंच्या जिवावर आलं, पण तुकडीसाठी त्यांनी तेही केलं. लिहिलं, की नव्या घरात सूर्य पश्चिमेला उगवतो. औषधवाल्यांनी लगेच पुढे जोडलं, की म्हणूनच घराच्या खिडक्या पश्चिमेला होत्या. बाईंनी लिहिलं, आजी नऊ वर्षांची होती. ताईंनी लिहिलं, की आजीची त्वचा इतकी नितळ होती, की ती खरोखरच नऊ वर्षांची दिसे. बाईंनी पडदा मिटला. आदराने माणूस इतका हतबल होऊ शकतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

शेवटचा उपाय म्हणून त्यांनी गट सोडायचं ठरवलं आणि वर्गाच्या कार्यालयाला फोन लावला. तिथल्या मुलीने गोड आवाजात सांगितलं, की सदस्य गेल्यास गट चौघांचा होतो, आणि चौघांचा गट नियमात बसत नाही. आजारपणासाठी सूट आहे, पण त्यासाठी डॉक्टरांचा दाखला लागेल. बाई म्हणाल्या, मला काही झालेलं नाही. मुलगी म्हणाली, मग सूट नाही. बाईंनी विचारलं, निदान माझं पडद्यावरचं नाव बदलता येईल का? ते आलं. 'मोठ्या बाई' जाऊन तिथे 'सदस्य पाच' झालं. संध्याकाळी मेकॅनिकचा निरोप आला, "नमस्कार सदस्य पाच बाई."

त्या रात्रीची जेवणं झाल्यावर सूनबाई ओटा पुसत होती. बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. इतरांचं सोडा, त्या म्हणाल्या, तू तर घरातली आहेस, तू का नाही खोडत? प्रमाणपत्र तुला हवंय ना?

"जमत नाही, आई. हात जातो आणि परत येतो."

"एवढं काय आहे त्या पाळीत, मी म्हणते. आत्ता काय अडलंय तुझं? पोरीचं सगळं मी बघतेच आहे."

सूनबाईचा हात थांबला. तिने फडकं पिळलं, वाळत घातलं, आणि मग बाईंकडे न बघता बोलली. "तेच, आई. ती शाळेतून येते तेव्हा दार तुम्ही उघडता. शाळेत काय झालं ते ती तुम्हाला सांगते. मी येईपर्यंत तिचं सांगून संपलेलं असतं. मला ते ऐकायचंय. सकाळची पाळी मिळाली तर मी दुपारी घरी असेन."

बाई आपल्या खोलीत गेल्या. पलंगावर बसल्या. नातीची दुपार म्हणजे बाईंचा सबंध दिवस होता. सकाळ त्या दुपारची वाट बघण्यात जायची आणि संध्याकाळ तिची उजळणी करण्यात. शाळा सुटल्यावर त्यांच्या मोठेपणाची एवढीच एक तुकडी शिल्लक होती, एका विद्यार्थिनीची. सूनबाई पास झाली की ती तुकडी बंद होणार.

आणि सूनबाईला नापास करायला बाईंना काहीही करावं लागणार नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. रविवार आपोआप उलटला असता, सगळ्यांचा आदर शाबूत राहिला असता आणि दारही बाईंनीच उघडलं असतं. असा विचार मनात आला, याची त्यांना स्वतःचीच लाज वाटली. पण आला तो आलाच, आणि शनिवारभर गेला नाही.

रविवारी दुपारी चिरंजीव मुलीला घेऊन तिच्या मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेले. सूनबाई आतल्या खोलीत मोबाइलवर गोष्ट उघडून बसली, बाई बाहेर जेवणाच्या टेबलावर संगणकापुढे. औषधवाले, मेकॅनिक आणि ताईही आपापल्या जागी हजर होते. त्यांची नावं पानाच्या कडेला नुसतीच लुकलुकत होती. कुणी काही लिहीत नव्हतं. तेव्हा बाईंच्या नजरेला गोष्टीच्या शेवटी सूनबाईचं एक वाक्य पडलं. दुपारी मुलगी शाळेतून येते आणि आई दार उघडते. सबंध गोष्टीत सूनबाईने कुठलाही वळसा न घेता लिहिलेलं हे एकच वाक्य असावं.

बाईंनी ते खोडलं. त्याच्या जागी लिहिलं, 'आजी दार उघडते. आईने यायची गरज नाही.'

पुढे बाईंनी पोस्टमास्तरांना सांगितलं, की ही त्यांची युक्ती होती. सुनेला डिवचल्याशिवाय तिचा हात चालणार नाही हे त्यांनी ओळखलं होतं. पोस्टमास्तरांनी मान डोलावली, कारण तेही बाईंना आदर देणाऱ्यांतलेच. पण खरं सांगायचं तर ते वाक्य लिहिताना बाईंच्या मनात युक्ती किती आणि मनापासूनचं किती, हे त्यांना तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही.

आतल्या खोलीत सामसूम होती. मग पडद्यावर त्या वाक्यातलं शेवटचं अक्षर गेलं. त्याच्या आधीचं गेलं. एकेक अक्षर मागे मागे जात बाईंचं दुसरं वाक्य गेलं, पहिलंही गेलं, आणि रिकाम्या जागेवर सूनबाईचं वाक्य पुन्हा उभं राहिलं. आई दार उघडते. समासात नोंद पडली, सूनबाईने सदस्य पाच यांचा मजकूर काढून टाकला. बाईंना कुणीतरी भर वर्गात उभं केल्यासारखं झालं.

त्यांना वाटलं, झालं, एवढ्यावर भागलं. पण सूनबाई थांबली नाही. इतक्या वर्षांचे "हो आई" एकदम बाहेर पडायला लागले होते. ती वर गेली आणि आजीला विचारल्याशिवाय काही होत नाही, हे वाक्य तिने मुळापासून उपटलं. आजीचा पाण्याचा फेरा काढला. नऊ वर्षांची आजी काढली. सूर्य उचलून पूर्वेला ठेवला. बाईंच्या सगळ्या जांभळ्या ओळी एकामागून एक विझत गेल्या, आणि मग बाकीच्यांना कंठ फुटला. औषधवाल्यांनी टेकडी सपाट केली. ताईंनी शेजाऱ्यांकडून आजोबांना परत आणलं आणि त्यांच्या केसांना पुन्हा एक हात फिरवला. मेकॅनिकने लिहिलं की लिफ्ट सुरू झाली, आणि एवढ्याने समाधान न होऊन पुढच्याच ओळीत लिहिलं, की ती अजिबात आवाज करत नाही.

बाई बघत राहिल्या. हेच त्यांनी मागितलं होतं, हुकूम देऊन मागितलं होतं, तरी त्यांना रडू आलं. चष्मा काढून डोळे पुसून पुन्हा घातला तेव्हा पानावर त्यांच्या नावाची एकच ओळ उरली होती. आजीला दुपारी झोप येत नाही. ती कशी राहिली कोण जाणे. त्यांनी ती वाचली आणि तिच्यावरून बोट फिरवून खोडायला गेल्या, पण तेवढ्यात सूनबाई बाहेर आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आई, हे मी काय केलं?"

"नियमाप्रमाणे केलंस," बाई म्हणाल्या. आवाज त्यांनी मोठ्या बाईंचाच ठेवला. "पाठवून दे. उशीर झाला तर ते कार्यालय त्याचंही कारण करील." सूनबाई उभीच राहिली, तेव्हा बाईंनी स्वतः बोट ठेवून पाठवायचं बटण दाबलं.

गट पास झाला. शेऱ्यात लिहिलं होतं, की सदस्यांनी परस्परांच्या लेखनावर निर्भीडपणे काम केलेलं दिसतं. प्रमाणपत्रं आली. मेकॅनिकने आपलं इमारतीच्या लिफ्टमध्ये लावलं असं कळलं. सूनबाईला जागा मिळाली, आणि घरात त्याबद्दल जेवढा आनंद व्हायचा तेवढा झाला. बाईंनीही सर्वांना हसून सांगितलं. खोटं हसल्या असं नाही, पण ते हसणं त्यांना उचलून आणावं लागलं.

सकाळच्या पाळीचा पहिला दिवस उजाडला. त्या दुपारी आपण घरात असूच नये, असं बाईंनी ठरवलं होतं. पोस्टमास्तरांकडे जाऊन बसायचं, म्हणजे कुणाला अवघड वाटणार नाही. त्यांनी चपला काढल्या, पुन्हा ठेवल्या, कपाट उघडून लावलं, पाणी प्यायल्या, आणि या सगळ्यात वेळ निघून गेली. सूनबाई कामावरून परत आली होती. हातपाय धुऊन ती बाहेर येतेय तोच बेल वाजली.

बाई उठल्या. इतक्या वर्षांच्या सवयीने पायच उठले, डोक्याला विचारलं नाही. दोन पावलं टाकून त्या मधेच थांबल्या. सूनबाईही थांबली होती. दाराबाहेर नात पाय आपटत होती आणि बेलवरचं बोट काढायला तयार नव्हती. त्या रविवारच्या आधीची सूनबाई असती, तर बाजूला सरून म्हणाली असती, तुम्ही उघडा आई, आज तुम्हीच उघडा. बाईंनाही क्षणभर वाटलं, की ती तसं म्हणेल, आणि आपण नको म्हणणार नाही.

"तुम्ही बसा, आई," सूनबाई म्हणाली. "मी उघडते."

बाईंनी आयुष्यभर वर्गात शिरताना उभ्या राहिलेल्या पोरांना बसा म्हटलं होतं. त्यांना तसं म्हणणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं. त्या मागे आल्या आणि खुर्चीवर बसल्या. दार उघडलं गेलं. नात आत आली, आईला बघून आधी गप्प झाली आणि मग एकदम बोलायला लागली, दप्तर पाठीवरून न काढता, श्वास न घेता, शाळेत कोण कुणाशी भांडलं आणि कुणाचा दात पडला ते सगळं. सूनबाई उंबऱ्यातच खाली बसून ते ऐकत होती. बाईंना खुर्चीवरून त्यातलं अर्धंच ऐकू येत होतं, आणि उरलेलं विचारायला त्या उठल्या नाहीत.